हलक्या रॉडने पॅनफिश : छोटे ल्यूर फेकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या ल्यूरने, म्हणजे नकली आमिषानं, पॅनफिश धरायला लागलेल्या माणसाच्या तक्रारी ठरलेल्या असतात: ल्यूर लांब जात नाही, दोरी गुंतते, मासे टोचतात, म्हणजे ल्यूरला तोंड लावतात, पण गळाला लागत नाहीत. खोलात गेलं की बहुतेक तक्रारींच्या मुळाशी दोनच गोष्टी निघतात. दोरी हवी त्यापेक्षा जाड असते आणि ल्यूर हवं त्यापेक्षा जोरात ओढलं जातं. खालच्या उत्तरांत हे दोन मुद्दे वेगवेगळ्या वेशात पुन्हा पुन्हा येतील, त्याला इलाज नाही.

पॅनफिश म्हणजे नेमके कोणते मासे?

उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांत, जलाशयांत आणि संथ नद्यांत सापडणाऱ्या लहान, खाण्यालायक माशांचा हा सैलसर गट आहे, शास्त्रीय वर्गीकरण नव्हे. ब्लूगिल, पम्पकिनसीड, रेडइअर, ग्रीन सनफिश, रॉक बास, काळा क्रॅपी आणि पांढरा क्रॅपी हे सगळे सनफिशच्या कुळातले. यलो पर्च वेगळ्या कुळातला, पण त्याच सामानावर येतो म्हणून त्याच पंगतीत बसतो. लार्जमाउथ बासही खरं तर सनफिशच्याच कुळातला, पण त्याला पॅनफिश म्हटलं तर बासवाले चिडतात.

आकाराचं म्हणाल, तर तळहात भरून उरणारा, १८ ते २० सेंटिमीटरचा ब्लूगिल बऱ्याच तळ्यांत चांगला समजला जातो. २५ सेंटिमीटरचा म्हणजे फोटो काढण्यासारखा. क्रॅपी सहज ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. ब्लूगिलचा जागतिक विक्रम ४ पौंड १२ औंसांचा, म्हणजे सव्वादोन किलोच्या जरा आतला. तो अलाबामातल्या केटोना तळ्यात १९५० साली नोंदला गेला आणि अजून कोणी मोडलेला नाही. यलो पर्चचा विक्रम तर १८६५ सालचा आहे. तेव्हा विक्रमाच्या नादी लागू नये, हलक्या रॉडवर २० सेंटिमीटरचा ब्लूगिलही पुरेसा धिंगाणा घालतो. तो सरळ पळत नाही. आपलं चपटं अंग पाण्याला आडवं लावून गोल गोल फिरतो, आणि तेवढ्यानं रॉडची कमान होते.

अल्ट्रालाइट रॉड कुणाला म्हणायचं? लांबी किती घ्यावी?

रॉडच्या मुठीजवळ ल्यूरचं वजन छापलेलं असतं, ते आधी वाचा. १/३२ ते १/४ औंस, म्हणजे साधारण १ ते ७ ग्रॅम असं काही लिहिलं असेल तर रॉड अल्ट्रालाइट, म्हणजे सर्वांत हलक्या जातीचा, आणि कामाचा. पण छापलेल्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका. दीड ग्रॅमचं जिग (धातूचं डोकं असलेला गळ) बांधून शेंडा हलवून पाहा. शेंडा मागे वाकून पुढे उसळला पाहिजे. तो काडीसारखा ताठ राहिला, तर फेकताना सगळं काम तुमच्या मनगटाला करावं लागेल आणि ल्यूर पायाशी पडेल.

लांबी ५ ते ७ फूट. झाडाझुडपांनी वेढलेल्या काठावर ५ फुटी रॉड बरा. मोकळ्या काठावर साडेसहा फुटी जास्त लांब फेकतो, आणि दोरी पाण्यावरून उचलून धरायलाही सोपा जातो. एकच घ्यायचा असेल तर मी ६ फुटांच्या आसपासचा घेईन.

रीळ?

स्पिनिंग रीळ, ५०० ते १००० आकाराचं. अगदी बारक्या ५०० च्या स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या चाकावर, दोरीला घट्ट वेटोळ्यांची सवय लागते, म्हणून १००० कडे झुकलेलं बरं. किती बेअरिंग आहेत याकडे लक्ष देऊ नका. ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा दोरी सोडणारा ब्रेक, अडखळत न सुटता सलग सुटतो का, एवढं दुकानातच दोरी हातानं ओढून बघा.

दोरी किती जाड घ्यायची? ६ पौंडी भरली तर काय बिघडतं?

बरंच काही. पौंडाचा आकडा म्हणजे दोरी किती ओढ सोसते ते. ४ पौंडी साध्या नायलॉनची जाडी सुमारे ०.२० मिलिमीटर असते, २ पौंडीची ०.१५ च्या आत. ६ पौंडी यांच्यापुढे थोडीच जाड दिसते, पण एक-दीड ग्रॅमच्या ल्यूरला तो थोडा फरकही जड जातो. फेकलेलं ल्यूर दोरीला आपल्यामागे ओढत नेत असतं. दोरी जाड असेल तर ती स्पूलवरून कडक वेटोळ्यांतच सुटते, रॉडच्या प्रत्येक कडीवर घासते, वाऱ्याला जास्त अडते. म्हणजे ल्यूरची सगळी ताकद दोरी ओढण्यातच खर्च होते.

पाण्याखालीही तेच. जाड दोरीला पाणी जास्त अडवतं, त्यामुळे तेच जिग हळू बुडतं आणि ओढताना वर वर येतं. तुम्हाला वाटतं आपण दोन मीटरवर आहोत, जिग प्रत्यक्षात एका मीटरवर पोहत असतं. (उथळ गवतावरून जिग मुद्दाम वर ठेवायचं असेल तर हीच खोट उपयोगी पडते. पण ते मुद्दाम करायचं काम आहे.)

नवख्यानं ४ पौंडी, मऊ जातीचं नायलॉन भरावं. २ पौंडी आणखी छान फेकते, पण गाठ किंचित जरी चुकली तरी तुटते आणि बुडालेल्या फांद्यांत तिचा टिकाव लागत नाही. फ्लुओरोकार्बन पाण्यात कमी दिसतं हे खरं, कारण त्याचा वक्रीभवनांक नायलॉनपेक्षा पाण्याच्या जवळ आहे. पण ते ताठ असतं आणि छोट्या स्पूलवरून स्प्रिंगसारखं उसळतं. त्याचा उपयोग शेवटच्या ६०-९० सेंटिमीटरच्या तुकड्यापुरता. वेणीची, म्हणजे ब्रेडची, सर्वांत बारीक दोरी लांब जाते आणि तिच्यावर टोच लगेच हाताला कळते. मात्र ती अजिबात ताणत नाही, म्हणून क्रॅपीच्या तोंडाला घातक. शिवाय वाऱ्यात ती कड्यांभोवती अडकते. ब्रेड वापरणाऱ्यांनी पुढे नायलॉनचा तुकडा जोडावा, म्हणजे निदान तेवढा तरी ताण राहतो.

दोरी दरवर्षी बदला. एवढ्या बारीक दोरीला ऊन आणि घासलेल्या कडा लवकर खातात.

सुरुवातीला कोणते ल्यूर घेऊ? डबा भरून टाकू का?

डबा भरण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. खरं तर तीन जातींत काम भागतं.

पहिलं जिग. गोल डोक्याचा एकेरी गळ आणि त्यावर इंच-दीड इंचाचं मऊ प्लास्टिक किंवा माराबूची (मऊ, फुललेली) पिसं. वजनं १/६४, १/३२ आणि १/१६ औंस, म्हणजे अंदाजे ०.४, ०.९ आणि १.८ ग्रॅम. यातलं १/३२ सर्वांत जास्त वापरात येतं. माराबूची गोष्ट वेगळीच आहे: जिग नुसतं थांबवलं तरी पिसं पाण्यात श्वास घेतल्यासारखी हलत राहतात. थंड पाण्यात, मासे सुस्त असताना, हे फार कामी येतं. प्लास्टिक बोथट झालं की बदलता येतं, ही त्याची सोय.

दुसरा तारेवरचा स्पिनर, ज्याचं पातं सरळ तारेभोवती फिरतं. फ्रान्समध्ये आंद्रे मल्नार यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या मेप्स कंपनीचे स्पिनर या जातीतले सर्वांत ओळखीचे. ब्लूगिलसाठी त्यांचे ०० आणि ० हे आकार, म्हणजे दीड ते अडीच ग्रॅम. अनोळखी तळ्यावर मासे कुठे आहेत हे शोधायला स्पिनर उत्तम. भराभर फेकता येतो, पातं चमकतं, थरथरतं, आणि ज्याला भूक आहे तो मागे येतो. एकदा जागा सापडली की मात्र जिगवर या.

तिसरा सेफ्टी पिनसारख्या वाकवलेल्या तारेचा स्पिनर: खालच्या हाताला जिग, वरच्या हाताला छोटं पातं. हा गवतात कमी अडकतो आणि दोरीला पीळही कमी देतो. लहान मुलाच्या हाती रॉड द्यायचा असेल तर हाच बांधून द्यावा. नुसता हळू गुंडाळला तरी काम करतो.

छोटे चमचे (चमच्यासारखे धातूचे ल्यूर) आणि बारकी क्रँकबेट (माशाच्या आकाराचे कडक ल्यूर) मजेची आहेत, पण त्यांच्या तीन नख्यांच्या गळानं ब्लूगिलच्या तोंडाची दुर्दशा होते. वापरायचेच असतील तर तिहेरी गळ काढून एकेरी लावा. गळाचा आकार ब्लूगिलला ८ किंवा १०, क्रॅपीला ४ किंवा ६. आकडा मोठा तितका गळ लहान, हे लक्षात असू द्या.

रंग कोणता?

ज्यावर तुमचा विश्वास आहे तो. गढूळ पाण्यात पिवळट-हिरवा किंवा पांढरा, निवळ पाण्यात तपकिरी, काळा किंवा शेवाळी. यापलीकडची चर्चा हिवाळ्यात, पाणी गोठलेलं असताना करावी. एकाच जागी सतत नकार मिळत असेल तर रंगाआधी खोली बदला, मग वेग, मग ल्यूरचा आकार.

एवढं हलकं ल्यूर लांब जातच नाही. जोर कसा लावायचा?

जोर लावूच नका, तीच तर चूक आहे. जोरानं फेकलं की रॉडला वाकायला वेळच मिळत नाही.

रॉडच्या शेंड्यापासून ल्यूर १५ ते २५ सेंटिमीटर खाली लटकू द्या. दोरी तर्जनीच्या टोकाच्या गादीवर घ्या, पेराच्या घडीत नको. घडीत अडकलेली दोरी उशिरा सुटते. बेल, म्हणजे दोरी अडवणारी रिळावरची तार, उघडा. आता रॉड सावकाश मागे न्या आणि तिथे न थांबता पुढे झटका द्या. मागे जाताना ल्यूरच्या वजनानं शेंडा वाकलेला असतो, त्या वाकलेल्या क्षणीच पुढे यायचं. हालचाल कोपरापासून मनगटापर्यंत, खांद्याचं काम नाही. शेंडा लक्ष्याकडे वळायच्या किंचित आधी बोट सोडा. ल्यूर आभाळात गेलं तर बोट लवकर सुटलं, समोर पाण्यावर आपटलं तर उशिरा.

पुढचा भाग बहुतेक जण गाळतात. ल्यूर पाण्याला टेकण्याआधी तर्जनी स्पूलच्या कडेला हलकेच लावा. दोरी सरळ होते, ल्यूर धपकन न पडता अलगद उतरतं, आणि बुडायला लागल्यापासून तुमचा त्याच्याशी संबंध राहतो. मग बेल हातानं मिटा, हँडल फिरवून नको.

शिवाय स्पूल भरलेलं असू द्या, कडेपासून २-३ मिलिमीटर सोडून. अर्ध्या रिकाम्या स्पूलवरून दोरी सुटताना कडेवर घासत येते, आणि पाच मीटर तिथेच जातात.

एवढं सगळं करूनही १/३२ औंसाचं जिग १२-१५ मीटरच जाईल, आणि ते पुरतं. काठावरचे पॅनफिश बहुधा तुमच्या पायांपासून दहा मीटरच्या आतच असतात, त्यांच्या डोक्यावरून फेकून उपयोग नाही.

वारा असेल तर?

वाऱ्याला पाठ करा. तशी जागा नसेल तर रॉड बाजूनं आडवा, पाण्यालगत फिरवून फेका, म्हणजे ल्यूर खालूनच जाईल. ल्यूर पडताच शेंडा पाण्याजवळ न्या, नाहीतर वारा दोरीचा मोठा फुगा करतो आणि मग टोच कळत नाही. १/३२ सोडून १/१६ वर जा. त्याहून जोराचा वारा असेल तर फ्लोट, म्हणजे दोरीवरचा तरंगता गोळा, लावा.

फ्लोटखाली जिग लावणं म्हणजे लबाडी नाही का?

मुळीच नाही, उलट कित्येकदा तीच सर्वांत चांगली पद्धत असते. छोटा फ्लोट फेकायला वजन देतो, आणि मुख्य म्हणजे जिगला हव्या त्या खोलीवर टांगून ठेवतो. त्यामुळे ०.४ ग्रॅमचं जिगही लांब पोचतं. फ्लोट अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठा नको. मोठा फ्लोट खाली ओढताना माशाला जड लागतो आणि तो जिग थुंकून टाकतो. फ्लोटपासून जिग अर्ध्या मीटरवर ठेवून सुरू करा, मग थोडं थोडं खाली न्या. मीटरभराहून खोल जायचं असेल तर दोरीवर सरकणारा फ्लोट आणि त्याला अडवणारी दोऱ्याची गाठ लागते.

हलकेच एकदा ओढा, मग थांबा. लाटा फ्लोट वरखाली करत असतील तर तुम्हाला काहीच करायचं नाही, जिग आपोआप नाचतं. पाणी भरता येणारे पारदर्शक फुगेही मिळतात, त्यांचं वजन पाणी कमी-जास्त करून बदलता येतं.

दोरीला पीळ पडतो, मधेच गुंता होतो. काय करू?

दोषी बहुतेक वेळा स्पिनर असतो. पात्याबरोबर अख्खा स्पिनर फिरला की दोरी पिळते. ल्यूरच्या आधी सर्वांत लहान आकाराचं स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी जोडकडी, लावा. जिगला मात्र स्विव्हल नको, त्यानं जिगची हालचाल मरते. जिग थेट बांधा, शक्यतो सैल फासाच्या गाठीनं, म्हणजे ते मोकळं डोलतं. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा. बारीक नायलॉन कोरडं आवळलं की घर्षणानं तापून कमजोर होतं.

दुसरं कारण म्हणजे ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवत राहणं. मासा दोरी नेत असेल तेव्हा हात थांबवा.

पीळ पडलीच असेल तर ल्यूर काढून नुसती दोरी वाहत्या पाण्यात ३०-४० मीटर सोडा, काही मिनिटं तशीच राहू द्या आणि बोटांत धरून परत गुंडाळा. होडी असेल तर हळू चालत्या होडीमागे सोडा.

किती खोल आणि किती वेगानं ओढायचं?

या प्रश्नाचं उत्तर पाण्याच्या काठावर उभं राहून, ध्रुवीकृत (पाण्यावरची चकाकी कापणारा) चष्मा लावून बघायला मिळालं तर सर्वांत चांगलं. निवळ पाण्यात ब्लूगिल जिगजवळ येतो तो पाहा. झपाट्यानं येतो, मग एकदम थांबतो, जिगपासून बोटभर अंतरावर. छातीचे पंख पंख्यासारखे हलवत जागेवरच राहतो आणि बघतो. जिग पुढे पळालं तर पाठ फिरवतो. जिग थांबलं किंवा अगदी हळू खाली गेलं, तर तोंड पुढे काढून पाण्यासकट ते आत ओढून घेतो. चावत नाही, शोषतो. आवडलं नाही तर तितक्याच चटकन बाहेर फेकतो. हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं.

हे एकदा पाहिलं की वेगाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. जिग फेका, बुडताना आकडे मोजा. समजा पाचापर्यंत मोजून हळू ओढायला लागलात आणि काही नाही, तर पुढच्या वेळी आठ, मग अकरा. तळ लागला की गवत घेऊन येतं, मग दोन आकडे कमी करा. टोच आली तो आकडा लक्षात ठेवा, त्या जागेची ती खोली. ओढताना हँडलचे दोन सावकाश फेरे, मग थांबा. थांबल्यावर जिग पुन्हा खाली जातं, आणि बहुतेक टोचा या खाली जाण्यातच येतात.

दोरी ताणलेली ठेवून जिग बुडू दिलं तर ते लंबकासारखं तुमच्या दिशेनं येत येत बुडतं. दोरी सैल सोडली तर सरळ खाली जातं. धक्क्याच्या खांबालगत किंवा बुडालेल्या झाडाजवळ जिग उभं उतरवायचं तर दोरी सैल, मोकळ्या पाण्यात ताणलेली.

स्पिनरचा नियम सोपा: पातं फिरतंय एवढ्याच वेगानं, त्याहून किंचितही जास्त नाही.

क्रॅपी मात्र वर बघून खातो. त्याचे डोळे तसेच बसलेले आहेत. त्याच्या खाली गेलेल्या जिगकडे तो ढुंकूनही बघत नाही, म्हणून थोडं वर राहिलेलं परवडलं. रेडइअरचं उलट: तो तळाशी गोगलगाई फोडून खाणारा, त्याला जिग जवळजवळ तळावर सरपटत न्यावं लागतं. फिरत्या पात्याच्या वाटेला तो क्वचितच जातो.

टोचतात, टोचतात, पण लागत नाहीत.

प्लास्टिक काढून शेपटी बघा. अर्धी कुरतडलेली असेल तर मासे शेपटीलाच तोंड लावताहेत आणि गळ त्यांच्या तोंडापर्यंत पोचतच नाही. प्लास्टिक पुढच्या बाजूनं अर्धा सेंटिमीटर कापून पुन्हा ओवा, म्हणजे शेपटी गळाच्या जवळ येते. तरी नाही तर इंचाहून छोटं घ्या.

शेपटी शाबूत असेल तर दोष तुमच्या नजरेचा. हाताला टक्‌ जाणवेपर्यंत ब्लूगिलनं कित्येकदा जिग थुंकलेलं असतं. दोरी जिथे पाण्यात शिरते तिथे डोळा ठेवा. ती टिचकी मारल्यासारखी उडाली, बाजूला सरकली, किंवा बुडणारं जिग अजून तळाला लागायचं असताना दोरी अचानक सैल पडली, तर मनगट उचला. सैल पडण्याचा अर्थ क्रॅपी जिग तोंडात घेऊन वर आला. उडीसुद्धा न मारणारी, नुसती थांबलेली दोरी हीही टोचच.

हिसका देऊ नका. पातळ तारेच्या अणकुचीदार गळाला शेंडा उचलणं पुरतं. गळाचं टोक नखावर टेकवून पाहा. घसरलं तर बोथट झालंय.

क्रॅपी काठाशी येऊन निसटतो तो का?

त्याच्या तोंडाच्या कडेला कागदासारखा पातळ पडदा असतो. उजेडासमोर धरला तर आरपार दिसतो. गळ त्या पडद्यात लागला आणि दोरी ताठ ओढली, की भोक मोठं होत जातं आणि शेवटच्या उचलण्यात गळ गळून पडतो. म्हणून ड्रॅग सैल, रॉड वाकलेला, आणि धक्क्यावरून उचलायचा असेल तर जाळी. दोरीनं क्रॅपी उचलणारा अर्धे मासे पाण्यालाच परत करतो.

ड्रॅग किती ठेवायचा? अचानक मोठा बास किंवा पाइक लागला तर?

दोरीच्या ताकदीच्या पाव भाग. ४ पौंडी दोरीला सुमारे पाऊण ते एक पौंड, म्हणजे साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम. तराजू नसेल तर हातानं दोरी ओढून बघा, कुरकुर न करता सुटली पाहिजे.

बास लागला तर घाई न करता काठानं त्याच्यामागे चाला. पाइकच्या दातांपुढे मात्र ४ पौंडी दोरी टिकत नाही, दोन सेकंदांत ल्यूर गेलं समजा. तसं पुन्हा पुन्हा होत असेल तर जागा बदला.

वर्षात आणि दिवसात केव्हा जावं?

पाण्याचं तापमान दिनदर्शिकेपेक्षा खरं सांगतं. यलो पर्च सर्वांत आधी, पाणी ७ ते ११ अंश सेल्सिअस असताना काठाच्या गवतावर अंडी घालतो. १५ ते २० अंशांच्या दरम्यान क्रॅपी उथळात, बुडालेल्या फांद्यांशी येतो. २० अंशांच्या वर ब्लूगिलची पाळी, आणि तो उन्हाळाभर पुन्हा पुन्हा विणीला येतो. नर शेपटीनं तळ साफ करून फूटभर रुंदीची, बशीसारखी घरटी करतात आणि ती एकमेकांना लागून असतात. उथळात असे फिकट गोल दिसले की ब्लूगिलची वसाहत सापडली. उन्हाळ्याच्या मध्याला मोठे ब्लूगिल गवताच्या बाहेरच्या कडेला, खोल पाण्याशेजारी सरकतात. काठावर उरतात ती पोरं.

दिवसाचं म्हणाल तर पहाट आणि दिवेलागण. पर्च दिवसाढवळ्या खातो आणि अंधारात गप्प बसतो, क्रॅपी नेमका उलट, अंधार पडल्यावर रंगात येतो. ढगाळ दिवशी दुपारही वाया जात नाही.

हातात धरताना काटे टोचतात. गळ कसा काढू?

ब्लूगिलच्या पाठीच्या पंखात साधारण दहा काटे असतात. हात ओला करा, डोक्याकडून शेपटीकडे तळवा फिरवत पंख खाली दाबा आणि मग धरा. कोरड्या हातानं अंगावरचा चिकट थर निघतो, आणि तोच थर त्याला रोगांपासून वाचवतो. गळाचा उलटा काटा पकडीनं आधीच दाबून टाका. छोटा गळ छोट्या तोंडात खोल गेला तर बोटं पोचत नाहीत, लांब नाकाचा चिमटा खिशात हवाच. चिमट्यानंही निघत नसेल तर दोरी कापून मासा सोडा.

मोठे ठेवावेत की छोटे?

सहज वाटतं की छोटे सोडावेत, मोठे ठेवावेत. ब्लूगिलच्या बाबतीत हे उलटं पडू शकतं. घरट्यावर राखण करणारे मोठे नर उचलले की दोन गोष्टी होतात. त्या घरट्यातली अंडी आणि पिल्लं तासाभरात इतर माशांच्या पोटात जातात. आणि आजूबाजूचे तरुण नर, मोठ्यांचा धाक उरला नाही म्हणून, लहान आकारातच प्रौढ होतात. एकदा प्रौढ झाले की खाल्लेलं अंग वाढवण्यापेक्षा विणीवर खर्च होतं. काही वर्षांत अख्ख्या तळ्यात बोटभर ब्लूगिल उरतात, भरपूर संख्येनं, आणि म्हातारे.

माझा पक्ष: मधल्या आकाराचे ठेवा, घरट्यावरचा मोठा, गडद, नारिंगी छातीचा नर फोटो काढून परत सोडा. तळं आधीच बारक्या माशांनी भरलेलं असेल तर तिथले छोटे नेले तरी कोणाचं नुकसान नाही, नियम परवानगी देत असतील तर.

शिशाची जिग वापरू का?

शक्य असेल तर नको. तळाशी पडलेले शिशाचे छोटे तुकडे लून पक्षी दगड समजून गिळतात आणि विषबाधेनं मरतात. एक तुकडा पुरतो. न्यू हॅम्पशरमध्ये एक औंस किंवा त्याहून कमी वजनाची शिशाची जिग आणि वजनं गोड्या पाण्यात वापरायला बंदी आहे, आणखीही काही राज्यांत असे नियम आहेत. पर्याय म्हणून कथील किंवा बिस्मथ चालतं, पण टंगस्टन सर्वांत छान. ते शिशापेक्षा बरंच घन आहे, त्यामुळे तेवढ्याच वजनाचं डोकं लहान होतं, वारा कमी खातं आणि लवकर बुडतं. महाग आहे, हे मान्य.

आमच्या तळ्यात क्रॅपी नाहीत. दुसरीकडून आणून सोडले तर?

नका. बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे आणि त्याचे परिणाम कोणाच्या हातात राहत नाहीत. छोट्या तळ्यात क्रॅपी फार लवकर दाटतात आणि सगळेच खुरटतात. याहून मोठं उदाहरण जपानचं. १९६० मध्ये शिकागोचे महापौर रिचर्ड जे. डेली यांनी तेव्हाचे युवराज अकिहितो यांना ब्लूगिल भेट दिले. खाण्याचा मासा म्हणून ते तिथे वाढवायला घेतले, आणि पुढे ते बिवा सरोवरासह देशभर पसरून स्थानिक माशांच्या मुळावर आले. २००७ मध्ये सम्राट अकिहितो यांनी याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. बादलीतून नेलेले चार क्रॅपीही हेच करू शकतात. बादलीतलं पाणीसुद्धा दुसऱ्या तळ्यात ओतू नये.

परवाना लागतो का?

लागतो. अमेरिकेत तो राज्य देतं, कॅनडात प्रांत. ठरावीक वयाखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी सूट असते. रोज किती मासे ठेवायचे आणि किमान आकार किती, हे राज्यागणिक आणि कधी कधी तळ्यागणिकही बदलतं, त्यामुळे त्या तळ्याचा नियम त्या वर्षीच्या सरकारी पुस्तिकेत बघून जा. अनेक ठिकाणी ब्लूगिल, पम्पकिनसीड आणि बाकीचे सनफिश मिळून एकच मर्यादा असते, आणि क्रॅपीची वेगळी मोजतात.